शास्त्रीय संगीतात आज नवीन बंदिशी बांधणाऱ्या कलाकाराचं वर्ष कसं जातं? मैफली, व्याख्यानं, रेडिओ सांभाळून नवीन काही रचायला वेळ मिळतो का?

मी स्वतः बंदिशी, म्हणजे रागात आणि तालात बसवलेली गाणी, बांधत नाही हे आधीच सांगते. मी सांगलीत शाळेत शिकवते आणि गेली १९ वर्षं मिरजेला एका बाईंकडे गाणं शिकते. आम्ही सगळे शिष्य त्यांना बाई म्हणतो म्हणून इथंही बाईच म्हणते. बाई गातात, शिकवतात आणि बंदिशी बांधतात, आणि त्यांची डायरी माझ्याकडे असते, म्हणजे फोन घेणं, तारखा देणं, गाडी ठरवणं, मागं तानपुऱ्याला बसणं, सगळंच. त्यामुळं तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

तुम्ही विचारलंय की सगळं सांभाळून नवीन काही होतं का. होतं. पण लोकांना वाटतं ते मैफलीत होत असेल, तिथं ते सगळ्यात कमी होतं. रेडिओवर त्याहून बरं. आणि सगळ्यात जास्त होतं ते सप्रयोग व्याख्यानात, म्हणजे गाऊन दाखवत दिलेल्या व्याख्यानात, जिथं पन्नास-साठ माणसं सतरंजीवर बसलेली असतात आणि मानधन विचारायची सोय नसते.

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, घटस्थापनेला सुरू होतं. मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात रोज गाणं असतं, बाई गात असोत नसोत आम्ही ऐकायला जातोच. मग कोजागरी झाली की पाचव्या दिवशी, अश्विन वद्य पंचमीला औंधचा संगीत महोत्सव, सातारा जिल्ह्यात, १९४० पासून चालू आहे, अंतूबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला आणि नंतर त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी वाढवलेला. तिथं गावातली माणसं रात्रभर शांत बसून ख्याल ऐकतात, पुण्या-मुंबईत असे कान मिळणं अवघड. मग दिवाळी पहाट, मग थंडीभर मैफली, आणि गुढीपाडव्याची पहाट झाली की सीझन संपला. पुढं एप्रिल-मे मध्ये मुलांची शिबिरं. उरुसात मिरजेच्या दर्ग्यात संगीत सभा असते ती वेगळी, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं हजेरी लावायचे, १९३७ ला प्रवासात गेले पण दफन इथंच दर्ग्याच्या आवारात आहेत, त्यामुळं तिथली हजेरी बाई कार्यक्रम म्हणून डायरीत लिहूच देत नाहीत.

मैफलीचं गणित असं असतं बघा. दीड तास मिळतो. त्यात बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं, पाऊण तास, मग मध्यलय किंवा द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदीश, मग दुसरा राग थोडक्यात, मग अभंग किंवा नाट्यपद, कारण सांगली म्हणजे नाट्यपंढरी, इथं नाट्यपद नाही झालं तर लोक उठत नाहीत. यात नवीन बंदीश घालायची तर ती द्रुतमध्ये, सात-आठ मिनिटं. जुन्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ, लोकांना पाठ असतो, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, त्यांची मान आपोआप हलते आणि त्यावर गाणाऱ्याला चढायला मिळतं. नवीन बंदिशीत पहिली तीन-चार आवर्तनं, म्हणजे तालाचे फेरे, समोरचा माणूस नुसता शोधत असतो की सम कुठं आहे, आणि तेवढ्या वेळात मैफलीचा रंग उतरू शकतो. ही जोखीम दर वेळेला घेता येत नाही, खोटं कशाला बोलू.

संयोजकांचं पण असतंच. एकांनी (गाव सांगत नाही) फोनवर मला सांगितलं की बाईंना म्हणावं स्वतःचं काही नको, जुनं पारंपरिक गा, जोगकंस वगैरे. आता जोगकंस हा राग जगन्नाथबुवा पुरोहितांनी बांधलेला, 'गुणीदास' नावानं ते रचना करायचे, १९६८ ला गेले, म्हणजे आमच्या बाईंच्या लहानपणी तो राग नवीनच होता. मी हे फोनवर बोलले नाही. बाईंनी जोगकंसच गायला, द्रुत मात्र स्वतःची गायली, आणि कार्यक्रमानंतर तेच संयोजक विचारत होते की ही शेवटची चीज, म्हणजे बंदीश, कुठल्या घराण्याची. बाईंनी सांगितलं माझी आहे, तर ते गप्पच झाले, मग म्हणाले परत एकदा शब्द सांगा.

रेडिओचं सांगते. सांगलीला आकाशवाणीचं केंद्र १९६३ पासून आहे. कलाकाराला आधी ऑडिशन देऊन ग्रेड मिळवावी लागते, बी, बी हाय, ए आणि टॉप अशा ग्रेड असतात, त्या ग्रेडवर मानधन ठरतं. रेकॉर्डिंगची तारीख आली की बाई घरी घड्याळ लावून रियाज करतात कारण तिथं अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. मैफलीत रंगलं म्हणून पाच मिनिटं जास्त घेता येतात, तिथं नाही. पण समोर श्रोता नसल्यामुळं बाई तिथं मोकळ्या होतात, टाळीची वाट बघायची नसते, मग नवीन बंदीश अगदी जशी बांधली तशी, स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, नीट दोनदा म्हणून, शब्द कुठंही न खाता जाते. मला स्वतःला बाईंच्या बंदिशी सगळ्यात चांगल्या रेडिओवरच ऐकू आल्यात. एकदा कवठेमहांकाळच्या एका काकांनी ओळखीतून नंबर काढून फोन केला, किराणा दुकान आहे त्यांचं, दुकानात रेडिओ लावलेला असतो, म्हणाले ताई त्या गाण्यातला दुसरा शब्द कळला नाही तेवढा सांगा, दोन दिवस डोक्यात फिरतंय. तो शब्द ब्रज भाषेतला होता. मी सांगितला, अर्थ सांगितला, ते म्हणाले हां मग बरोबर आहे आणि ठेवला फोन. त्या दिवशी बाई किती खूश होत्या सांगू.

आता व्याख्यानं. गेल्या वर्षी डायरीत मैफली १४ होत्या, रेडिओची रेकॉर्डिंग २ आणि सप्रयोग व्याख्यानं ११. कॉलेजात, गायन क्लासात, एखाद्या वाचनालयात. विषय बहुतेक एकच, बंदीश कशी बांधतात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात, मध्यमा विशारदची, वही-पेन घेऊन, आणि बाई त्यांना तयार झालेली बंदीश आधी ऐकवतच नाहीत. आधी फसलेला खर्डा ऐकवतात.

मधुवंती रागातल्या, रूपक तालातल्या एका बंदिशीचं उदाहरण त्या नेहमी देतात. रूपक सात मात्रांचा, आणि त्याची सम 'खाली'च्या मात्रेवर येते, जिथं टाळी देत नाहीत, म्हणजे तबल्यावर जिथं जोर यायला पाहिजे तिथंच बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा तबला, गप्प असतो. बाईंनी पहिली टाळी, म्हणजे चौथ्या मात्रेपासून मुखडा उचलला आणि सम पंचमावर, म्हणजे 'प' या स्वरावर आणली. समेवर शब्द होता 'बीती'. चाल चांगली होती, पण चार दिवस गाऊन बघितलं तरी पंचमावर थांबावंसं वाटेना. मग लक्षात आलं की 'ई' म्हणताना तोंड आवळतं आणि आवाज बारीक होतो, आणि खाली तबल्याचा पण आधार नाही, त्यामुळं ती सम उघडी पडते. मग त्यांनी ओळ उलटी केली आणि समेवर 'सांझ' आणला. आता 'सां'मधला 'आ' पंचमावर पसरतो, आणि खाली बायाँ गप्प आहे हे उलट छान वाटायला लागतं, उन्हं उतरल्यावर अंगण शांत होतं तसं. हे त्या मुलांना दोन्ही प्रकारे गायला लावतात, आधी 'बीती', मग 'सांझ'. शब्दांत सांगून जे कळणार नाही ते मुलांना दोन मिनिटांत गळ्यात कळतं, तोंडावर दिसतं त्यांच्या. आणि घरी जाताना पन्नास मुलं ती बंदीश घेऊन जातात. मैफलीतून कोण घेऊन जातं?

व्याख्यानाला मी एवढं महत्त्व का देते त्याला कारण आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे यावरून अंदाज करा. माझं घर गावभागात. बाईंची जुनी वही, तीस वर्षांच्या बंदिशी, त्यांच्या हातच्या नोटेशनसकट, फेअर करायला माझ्याकडे होती. खालच्या खोलीत कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेली, मला वाटलं होतं एवढं वर पाणी येणार नाही. आम्ही आईला घेऊन नावेतून बाहेर पडलो तेव्हा ती वही माझ्या डोक्यातच आली नाही. आठवडाभरानं परत आलो तेव्हा कपाट आडवं पडलेलं आणि वहीचा नुसता चिखलाचा गोळा. शाईपेननं लिहिलेली होती ती. बाईंना सांगायला मिरजेला गेले तर बोलताच येईना मला, त्यांनी पाणी दिलं, आई बरी आहे ना विचारलं, वहीचं काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही सगळे शिष्य बसलो आणि आठवून आठवून परत लिहायला घेतलं. एकाला स्थायी येत होती, एकीला अंतरा. एका व्याख्यानाला आलेल्या मुलीनं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं होतं, ते मिळालं. रेडिओसाठी गायलेल्या बंदिशी बाईंना स्वतःलाच जशाच्या तशा आठवत होत्या कारण घड्याळ लावून घोटलेल्या. असं करून बहुतेक सगळ्या परत आल्या. नाही आल्या त्या अकरा. त्या अकरा अशा होत्या की बाईंनी बांधल्या, वहीत लिहिल्या आणि कुठंच गायल्या नाहीत, आणखी सुधारायच्या आहेत म्हणून. रागाचं नाव आठवतं, ताल आठवतो, बंदीश नाही. मी अजून ते पूर्ण पचवलेलं नाही, पण त्या वर्षापासून बाई व्याख्यानाला नाही म्हणत नाहीत, अर्धवट बंदीश सुद्धा गाऊन दाखवतात.

रचायचा काळ म्हणाल तर पावसाळा, आखाड लागला की. कार्यक्रम नसतात, क्लास कमी असतात. दमट हवेनं तानपुरा मात्र रुसतो, भोपळा आणि लाकूड दोन्ही ओल धरतात, तारा उतरतात, जवारी बसते, म्हणजे तारेचं गुंजणं मंदावतं. मिरजेत असण्याचं सुख हे की तानपुरा उचलून सतारमेकरांच्या गल्लीत नेता येतो. ते लोक घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, कानसत बसतात, मधेच तार छेडून कान लावतात, तारेखालचा दोरा इकडं तिकडं करतात आणि एकदम तारेतून गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, बोलायला लागतो, जो आपण लावलेलाच नसतो. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या हे काम चालत आलेलं आहे, मिळायलाच पाहिजे होतं. बाई म्हणतात जवारी काढून आणलेल्या तानपुऱ्यावर पहिले दोन दिवस जे सुचतं ते वर्षभर सुचत नाही. त्यामुळं ते दोन दिवस मी कुणाचाही फोन देत नाही त्यांना.

बाकी सुचायला जागा लागत नाही, सांगली-मिरज बसमध्ये विश्रामबागला उतरायचं विसरून पुढं गेलेल्या मी त्यांना पाहिलंय, हातानं मांडीवर झपताल चालू. पण सुचणं दहा मिनिटांचं असतं आणि घडवणं तीन-चार महिन्यांचं. श्रावणात सुचलेली बंदीश आम्हा शिष्यांकडून गाऊन घेतात, आमचा श्वास जिथं तुटतो तिथं शब्द बदलतात, कारण बाईंचा स्वतःचा दमसास मोठा, त्यांना अडचण कळतच नाही. नवरात्रापर्यंत बसली तर ठीक, नाहीतर पुढच्या पावसाळ्याला.

तर वेळ मिळतो का, हो, पण तो डायरीत कुठं दिसणार नाही. यंदा सध्या गौड मल्हार रागातली एक बंदीश चालू आहे, अद्धा तीनताल या तालात, स्थायी झालीये, अंतऱ्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', माझ्या गळ्याला जड जातोय म्हणून शब्द अजून हलतायत. पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंगची तारीख आहे. तोपर्यंत बसली तर तीच गाणार म्हणाल्यात.