घाट चढताना हेल्मेटमधला घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून काय करावे?

यवतेश्वरचा घाट सायकलवर चढताना हेल्मेटमधून घाम ओघळून डोळ्यांत जातो, डोळे झोंबतात आणि ऐन वळणावर समोरचे दिसेनासे होते. यावर उपाय काय आणि त्यासाठी जास्त झरोके असलेले महाग हेल्मेट घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी साताऱ्यातच राहतो आणि याच घाटात सायकल चालवतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. हेल्मेटचा खर्च तूर्त लांबणीवर टाकावा, असे माझे मत आहे. घाम थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. तो भुवईपर्यंत पोहोचण्याआधी कानशिलांकडे वळवणे आणि वाटेत त्याच्यात झोंबणारे काही मिसळू न देणे, एवढेच आपल्या हातात असते, आणि ते थोड्या खर्चात साधते.

सपाट रस्त्यावर हा त्रास फारसा का होत नाही, हे आधी पाहावे. पाय मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र तो वाळला तरच. महामार्गावर ताशी पंचवीस किलोमीटरने जाताना लागणारा वारा कपाळ कोरडे ठेवतो. समर्थ मंदिराकडून वर चढू लागले की वेग सात-आठ किलोमीटरवर येतो, मेहनत दुप्पट होते आणि वारा जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी निथळलेला घाम अंगाला थंडावाही देत नाही, नुसता खाली येतो. त्यात चढावर मान खाली घालून बसण्याची आपली सवय, त्यामुळे त्याला सर्वांत सोपी वाट नाकाकडे आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याकडे मिळते. सराव वाढला की घाम कमी होईल, अशी आशा अनेक जण बाळगतात. प्रत्यक्षात उन्हाची सवय झालेल्या शरीराला घाम लवकर आणि अधिक येतो. दिलासा एवढाच की त्यातील मिठाचे प्रमाण उतरते.

आता झोंबण्याविषयी. ताज्या घामात मीठ सहसा अश्रूंपेक्षा कमीच असते, त्यामुळे डोळे पार मिटावेत इतकी आग होत असेल, तर त्याच्यासोबत आणखी काय वाहत येते याचा शोध घ्यावा. पहिला संशयित म्हणजे हेल्मेटच्या आतील कपाळाजवळची गादी. मागच्या फेऱ्यांचे मीठ तिच्यात वाळून साठलेले असते आणि नवा घाम ते पुन्हा विरघळवून खाली आणतो. बहुतेक हेल्मेटमधील या गाद्या वेल्क्रोने लावलेल्या असतात. त्या काढून साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. उन्हाळ्यात हे आठवड्यातून एकदा तरी करावे. (हेल्मेटच्या फोमला मात्र पेट्रोल किंवा थिनर लावू नये; तो थर्माकोलच्याच जातीचा असतो आणि विरघळतो.)

दुसरा संशयित सनस्क्रीन. तिच्यातील काही रासायनिक घटक डोळ्यांत गेल्यास चांगलेच चुरचुरतात. म्हणून कपाळाला झिंक ऑक्साइड असलेली, शक्यतो कांडीच्या स्वरूपातील सनस्क्रीन लावावी आणि नेहमीची गालांवर, मानेवर व हातांवर वापरावी. आणि तिसरा संशयित खास आपल्या घरातला आहे. सकाळी डोक्याला चोपडलेले खोबरेल तेल, कपाळावरचे अष्टगंध किंवा बुक्का आणि केसांचा कलप, हे सगळे घामाबरोबर उतरते. तेलाने तर चष्म्याच्या काचेवर असा थर बसतो की पुसावा तितका तो पसरतो. देवदर्शन आणि तेल दोन्ही सायकलवरून परतल्यावर करावे, एवढे सांगून पुढे जातो.

घाम वळवण्यासाठी हेल्मेटखाली पट्टी बांधणे हाच मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो, परंतु पट्टी कोणती, याला महत्त्व आहे. टॉवेलच्या जाड कापडाचे हेडबँड खेळाच्या दुकानात सहज मिळतात. ते पुष्कळ घाम पितात, पण हेल्मेट डोक्यावर वर उचलले जाते आणि नीट बसत नाही. जुन्या पंचाची पातळ घडी बांधणारेही मी पाहिले आहेत. ती चढाच्या पहिल्या भागात उत्तम काम देते, मात्र सुती कापड एकदा भिजले की लवकर वाळत नाही आणि त्यानंतरचा प्रत्येक थेंब तसाच खाली सोडते. थांबून पिळून घेण्याची तयारी असेल, तरच तो पर्याय धरावा. पॉलिएस्टरचे पातळ, ताणले जाणारे हेडबँड घाम पसरवतात आणि त्यामुळे वाऱ्यावर लवकर सुकतात. त्याहून उपयोगी म्हणजे आतल्या बाजूला सिलिकॉनची बारीक कड असलेले हेडबँड. पावसाळ्यात कौलांखाली लावलेल्या पन्हळीसारखी ती कड काम करते, म्हणजे पाणी दारासमोर न पडता कडेला जाऊन पडते. ही कड भुवईच्या बोटभर वर, कपाळाला सर्वत्र टेकलेली असावी. मध्ये सुरकुती राहिली की घाम नेमका तेथूनच निसटतो. पातळ कापडाची सायकलची टोपीही चालते; तिची झडप खाली ठेवली, तर थेंब झडपेच्या टोकावरून पडतात आणि डोळे वाचतात. यांपैकी काहीही घातल्यावर हेल्मेटची मागची चकती फिरवून पकड पुन्हा जुळवावी आणि हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवरच आहे, याची खात्री करावी. कपाळाला वारा लागावा म्हणून हेल्मेट मागे सरकवणारे घाटात नेहमी दिसतात; तोंडावर पडण्याची वेळ आली, तर ते हेल्मेट कपाळाचे रक्षण करणार नाही.

पट्टी नसेल त्या दिवशी भुवयांच्या थोडे वर पेट्रोलियम जेलीची बारीक रेघ ओढावी, बाहेरच्या टोकांना किंचित खाली उतरवलेली. घाम तिला अडून कानशिलांकडे जातो. रेघ बारीकच हवी, कारण जाड लावली तर तीच वितळून डोळ्यांत येईल. हेल्मेटच्या फोमलाही ती लागू देऊ नये.

चढ संपून उतार लागण्यापूर्वीची एक सवय मी आवर्जून सुचवीन. सुरक्षित जागी पाय टेकवून मान पुढे झुकवावी आणि तळहाताने हेल्मेट कपाळावर दोन-तीनदा दाबावे. गादीत साठलेला घाम बदाबदा खाली पडतो. चालत्या सायकलवर, ब्रेक दाबताना मान हलली की हाच घाम एकदम डोळ्यांत उतरला असता. सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आणि याच रस्त्याने पुढे लागणारे कासचे पठार १२०० मीटरच्या आसपास, म्हणजे परतीचा उतार लांब आणि वेगाचा आहे. त्यावर एक हात सोडून डोळे चोळत बसणे परवडणारे नाही. चढावर घाम टिपायचा असेल तर अंगठ्यावर मऊ टॉवेलचे कापड शिवलेले हातमोजे घ्यावेत, आणि पुसताना बाहेरून आत न जाता नाकाकडून कानाकडे पुसावे. साखळीला हात लावल्यानंतर तो मोजा डोळ्यांजवळ नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

इतके करूनही डोळे झोंबलेच, तर थांबावे, चोळू नयेत आणि बाटलीतील साधे पाणी डोळ्यांवर हलके सोडावे. बाटलीत मीठ-साखर किंवा इलेक्ट्रोलाइट मिसळलेले असेल, तर ते मुळीच वापरू नये. यासाठी दुसरी, छोटी बाटली साध्या पाण्याची ठेवावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर लेन्स डोळ्यांत असताना पाणी मारू नका, कारण पाण्यातील सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून लेन्सबरोबर चालणारे थेंब खिशात बाळगा. घाम कमी यावा म्हणून पाणी कमी पिण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका.

राहिला महाग हेल्मेटचा प्रश्न. जास्त झरोक्यांचा खरा फायदा वेगात मिळतो, आणि तुमची तक्रार सात-आठ किलोमीटर वेगाची आहे. हेल्मेट पडल्याने तडकले असेल, जुने झाले असेल किंवा डोक्याला बसत नसेल, तर ते अवश्य बदला. केवळ घामासाठी बदलणार असाल, तर आधी गादी धुऊन आणि सिलिकॉनच्या कडेचे हेडबँड घालून एप्रिलच्या उन्हात एकदा यवतेश्वरपर्यंत जाऊन या, आणि मग ठरवा.