नडगीचे हाड ७ महिन्यांनंतरही जुळलेले नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) पावसाळ्यात मोटारसायकलवरून पडला. नडगीच्या हाडात रॉड बसवून ७ महिने झाले, तरी पायावर भार दिला की कळ येते. डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रिया करू म्हणतात. वाडीतली मंडळी हाडवैद्याकडून चोळून घ्या म्हणतात. आंब्याचा हंगाम तोंडावर आहे. काय करावे?
— एक वाचक, ता. देवगड

उत्तर : चोळण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. न जुळलेल्या जागी हाडाची टोके हलत राहिली, तर तिथे येऊ पाहणारे नवे हाड तुटते आणि सारा भार सोसणारा रॉड किंवा त्याचे स्क्रूही मोडू शकतात. नडगीची पुढची बाजू थेट कातडीखाली असते आणि घोट्याकडच्या भागात रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो. म्हणून एरवी ४ ते ५ महिन्यांत भरणारे हे हाड पुष्कळदा रेंगाळते.

मात्र शस्त्रक्रियेआधी ते का रेंगाळले, हे कळायलाच हवे. प्रथम ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांनी जंतुसंसर्गाची शंका फेडून घ्यावी. संसर्ग नसेल आणि एक्स-रेत फटीभोवती नवे हाड भरपूर दिसत असेल, तर उणीव स्थिरतेची असते. अशा वेळी जुना रॉड काढून, पोकळी आतून थोडी कोरून, १ ते २ मिलिमीटर जाड रॉड बसवतात आणि कोरताना निघालेला हाडाचा कीसही तिथे उपयोगी पडतो. नवे हाड जवळजवळ दिसतच नसेल, तर कमरेच्या हाडातून कलम घेऊन फटीत भरावे लागते. शेजारचे बारीक हाड आधीच जुळून फट उघडी ठेवत असेल, तर त्याचा लहानसा तुकडा काढतात. संसर्ग झाला असेल किंवा हाडच कमी पडले असेल, तर सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव यांनी विकसित केलेली बाहेरून बसवायची कड्यांची चौकट कामी येते. तिच्या साहाय्याने हाड दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढवता येते, पण ती कित्येक महिने पायावर वागवावी लागते.

भाऊ विडी, गुटखा किंवा मशेरी वापरत असेल, तर ते आजपासून बंद करावे, कारण तंबाखूने हाड भरणे उघडच मंदावते. याविषयी मी रुग्णांना नेहमी निक्षून सांगतो. मधुमेह आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावे.

यंदाच्या हंगामात त्याला झाडावर चढू देऊ नये. दोन बाजूंनी काढलेल्या एक्स-रेंत दिसणाऱ्या चार कडांपैकी निदान तीन कडा जुळलेल्या दिसल्यावर त्याविषयी शल्यचिकित्सकांना विचारावे.