मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळेत फरक का?

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही उभयता मुलाकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत. थेट विमान मुंबईहून रात्री 2 वाजता निघून त्याच दिवशी सकाळी 7.30 ला पोहोचेल, तर परतीचे विमान सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबईत उतरेल, असे तिकिटावर छापले आहे. जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस, हे कसे? अंतर नेमके किती आहे? आणि न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमाने उत्तरेकडे का वळतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ), त्यामुळे तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे जाताना आपला प्रवास 16 तासांचा आहे आणि परतीचा साडेचौदा तासांचा.

दोन्ही शहरांतील कमीत कमी हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. मात्र हा जवळचा रस्ता भिंतीवरच्या नकाशात सापडत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांवर दोऱ्याची दोन टोके धरून तो घट्ट ताणून पाहावा : दोरा कंदाहारजवळून मध्य आशियात शिरतो, मॉस्कोला जवळजवळ स्पर्श करत नॉर्वे ओलांडतो, आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखाली येतो आणि कॅनडामार्गे न्यूयॉर्कला उतरतो. उलट, शाळेत आपण पाहिलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि विमान तिच्यावरून नेले, तर साधारण 14,200 किलोमीटर उडावे लागेल. उत्तरेकडे वळणे हा फेरा वाटतो, पण खरा फेरा त्या सरळ रेघेत आहे.

अंतर सारखे असूनही परतीचा वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. विमानाचा हवेतील वेग ताशी 900 किलोमीटर धरला आणि वाटेत सरासरी 50 किलोमीटरचा वारा जाताना समोरून, तर येताना पाठीमागून मिळाला, तरी एवढ्या अंतरावर सुमारे दीड तासाचा फरक पडतो. शिवाय तिकिटावरच्या कालावधीत धावपट्टीकडे जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो, ही गोष्ट मुंबईकरांना वेगळी सांगायला नको.

राहिला राजकारणाचा भाग. दोऱ्याने दाखवलेला मार्ग पाकिस्तान आणि रशिया या दोन्ही देशांवरून जातो. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशियावरून उडता येत नाही. ज्या कंपनीला जी हद्द बंद, तिचे विमान तिथे वळसा घालून जाते. त्यामुळे आसनासमोरच्या पडद्यावर एकूण अंतर साडेबारा हजारांहून बरेच जास्त दिसले, तर ते चुकीचे समजू नये. ते त्या दिवशी प्रत्यक्ष उडायच्या मार्गाचे अंतर असते.