तिसऱ्यांदा भरलेला नीटचा फॉर्म

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ७८ टक्के. नीट दोनदा दिली, जमलं नाही. आता वटवाघळांतल्या विषाणूंवर संशोधन करायचं म्हणते. चीनमध्ये वीस नवे विषाणू सापडल्याचं वाचून घरचे धास्तावलेत. तिला न सांगता मी पुन्हा नीटचा फॉर्म भरलाय. तिला समजवा.
– एक वडील, कराड

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या विषाणूंची मला भीती वाटली नाही, फॉर्मची वाटली. त्यावर तिची सही लागते. जुनी स्कॅन केलेली असेल तीच चिकटवली असणार. वीस वर्षांच्या मुलीच्या सहीने तिचं एक वर्ष तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. दोनदा नापास झाल्याचं दुःख गिळून ती पुन्हा उभी राहिली, मन लागेल असं काहीतरी तिला सापडलं आणि नेमकं आत्ताच तुम्ही तिला मागे ओढताय. पत्रभर तिचे मार्क आहेत, नातेवाईक आहेत, तिचं स्वतःचं एक वाक्यही नाही.

आता त्या बातमीविषयी. चीनच्या युनान प्रांतातल्या १४२ वटवाघळांच्या मूत्रपिंडांत २२ विषाणूंच्या जनुकीय खुणा मिळाल्या, त्यातले २० विज्ञानाला नवे. दोन निपाह या जीवघेण्या विषाणूच्या जवळचे आहेत आणि ती वटवाघळं फळबागांत वावरणारी, म्हणून शास्त्रज्ञ सावध झाले. पण सापडला म्हणजे साथ आली, असं नसतं. विषाणूला आपल्या पेशीत शिरता यायला हवं, आपल्यापर्यंत वाट मिळायला हवी, मग माणसातून माणसात पसरता यायला हवं. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाहला ती वाट डुकरांनी दिली : वराहपालनाशेजारी फळझाडं होती, वटवाघळांची उष्टी फळं खाली पडायची. शंभरावर माणसं गेली. केरळात कोझिकोड-मलप्पुरम भागात २०१८ मध्ये निपाहने १७ जण दगावले, पण पुढच्याच वर्षी एर्नाकुलमला एकच रुग्ण आढळला आणि तोही वाचला. यंत्रणा आधीच जागी होती म्हणून हे झालं. ती जागी ठेवणाऱ्यांतच तुमच्या मुलीला जायचंय.

आणि हे दूर चीनमधलं प्रकरण नाही. तुमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाहची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मिळाली. त्यात युनानच्या बागांतल्याच जातीची वटवाघळं होती. हे काम पूर्ण संरक्षक पोशाखात, शिकलेल्या हातांनी होतं आणि पुढचं बरंचसं प्रयोगशाळेत नि संगणकावर. तिच्यामुळे घरी आजार येईल ही भीती सोडा.

वाट नेहमीचीच : एम.एस्सी. (एनआयव्हीत विषाणुशास्त्राचा अभ्यासक्रम आहे), मग नेट परीक्षा, पीएच.डी. तिशीपर्यंत पैसा बेताचाच मिळेल, हे तिलाही सांगेन.

फॉर्मचं आज रात्रीच तिला सांगा, तिने ओरडलं तरी ऐकून घ्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. वटवाघूळच का, हे मला तिला विचारायचंय.