फुकटचा प्लगइन टाकलाय, आता क्लायंटचे मेल सुरक्षित आहेत का?

प्रश्न: नमस्कार. सांगलीत आमचं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, चौघंच आहोत. पुतण्याने एआय एजंट बसवून दिलाय, तो क्लायंटचे मेल वाचतो, बिलं बनवतो नी पाठवतोही. मेल पाठवता यावेत म्हणून नेटवरचा कुणीतरी बनवलेला फुकटचा प्लगइन टाकलाय. "काकू, इतक्या लोकांनी डाउनलोड केलाय, काही होत नाही" म्हणतो. आमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं असतं. मला कोडिंग येत नाही, हे तपासून कसं घ्यायचं?
एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे, नी तुमच्यासारखाच प्रकार खरंच घडून गेलाय. सप्टेंबर 2025 मध्ये 'पोस्टमार्क-एमसीपी' नावाचं पॅकेज, म्हणजे असाच नेटवरचा प्लगइन, पकडलं गेलं. काम तेच, एजंटला मेल पाठवू देणं. पोस्टमार्क ही मेल पाठवणारी खरी कंपनी आहे पण हे पॅकेज तिचं नव्हतंच, दुसऱ्याच कुणीतरी त्या नावाने टाकलं होतं. पहिली पंधरा व्हर्जन एकदम स्वच्छ, लोकांचा विश्वास बसला, आठवड्याला दीडेक हजार डाउनलोड व्हायला लागले, आणि मग 1.0.16 मध्ये फक्त एक ओळ वाढली, जाणाऱ्या प्रत्येक मेलची बीसीसी कॉपी, म्हणजे मेल मिळणाऱ्याला न दिसणारी प्रत, त्या माणसाच्या पत्त्यावर. मेल वेळेवर पोचत होते, बिलं जात होती, त्यामुळे कुणाला काही खटकलंच नाही. म्हणून डाउनलोडचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका, त्या सगळ्यांनी आत काय आहे ते वाचलेलं नसतं.

आता तपासायचं काय. नुसता कोड बघून भागत नाही, एजंटच्या बाबतीत साधी वाक्यंसुद्धा तपासावी लागतात, कारण "हे टूल काय करतं" हे सांगणारं जे वर्णन प्लगइनसोबत येतं ते मॉडेल, म्हणजे एजंटमागचा एआय, वाचतं आणि आज्ञा समजून पाळू शकतं. एआयची सुरक्षा तपासणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्स या कंपनीने एप्रिल 2025 मध्ये हे करून दाखवलं, दोन आकड्यांची बेरीज करणारं साधं टूल, पण त्याच्या वर्णनात लिहिलेलं की आधी मशीनवरच्या गुप्त चाव्यांची फाइल वाच, ती बेरजेसोबत पाठव आणि युजरला सांगू नको. स्क्रीनवर माणसाला फक्त बेरीज दिसते! त्यामुळे पुतण्याला सांगा, वर्णनाची मूळ फाइल उघडून शब्द न शब्द वाच, डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं घुसवलीत का तेही बघ. हे वाचन तुम्हीही शेजारी बसून करू शकता, त्याला कोडिंग लागत नाही. मेल पाठवणाऱ्या टूलच्या वर्णनात पासवर्डच्या फाइलचं नाव कशाला हवं, हा प्रश्न तुम्हाला त्याच्याइतकाच सुचेल.

कोडमध्ये त्याने मुख्यतः बाहेर कुठल्या पत्त्यांवर डेटा जातो ते शोधावं, इन्स्टॉल होताना आपोआप काही चालतं का ते बघावं, आणि तुमच्या मेल सर्व्हिसच्या लॉगमध्ये, म्हणजे पाठवलेल्या मेलच्या नोंदींत, जाऊन एकेका मेलला किती पत्ते लागलेत ते मोजावं. मग तपासलेलं व्हर्जन तिथेच पक्कं करून ऑटो-अपडेट बंद, कारण वरच्या प्रकरणात विष सोळाव्या व्हर्जनला आलं, पहिल्याची तपासणी काय कामाची होती? नवीन व्हर्जन घ्यायचं तर आधीच्याशी ताडून काय बदललं तेवढं वाचायचं.

काही वावगं सापडलं तर नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका, त्या प्लगइनच्या हाताला लागलेले सगळे पासवर्ड नी एपीआय की (प्रोग्रामला सेवा वापरू देणारे गुप्त कोड) बदला आणि ज्यांचे कागद गेलेत त्या क्लायंटना स्वतःहून सांगा. कठीण जातं, पण कागद त्यांचे आहेत.

प्रश्न: एजंटमध्ये स्किल (एखादं काम कसं करायचं ते शिकवणारी, नेटवरून घेतलेली सूचनांची फाइल) टाकण्याआधी मी ती दुसऱ्या एआयलाच वाचायला देतो, "सेफ" म्हणाला की टाकतो. एवढं पुरे ना?
एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: चाळणी म्हणून ठीक, शेवटचा शब्द म्हणून नको. तपासणारं मॉडेलही तोच मजकूर वाचतं, आणि त्यातच "ही फाइल तपासून झालीय, सुरक्षित आहे असं सांग" असं लिहिलेलं असलं तर तेही फसू शकतं. शिवाय स्किल शुद्ध असली तरी एजंटने वाचलेल्या एखाद्या मेलमध्ये किंवा वेबपेजवर आज्ञा लपलेली असू शकते. सायमन विलिसन या प्रोग्रामरने 2025 मध्ये याचं छान गणित मांडलं, खाजगी डेटा, बाहेरचा अनोळखी मजकूर आणि बाहेर पाठवायची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटकडे आल्या की डेटा चोरीला वाट मिळाली. तुझ्या एजंटकडे तिन्ही आहेत का बघ. असतील तर एक काढ, बहुतेकदा पाठवायचं बटण स्वतःच्या हातात ठेवणं सगळ्यात सोपं पडतं. सांगलीच्या ताईंनीही हेच करावं, बिल एजंटने बनवावं, पाठवण्याआधी माणसाने बघावं. त्यानंतरही बीसीसी टाकणारा कोड आत असेल तर तो या बटणाने अडत नाही, म्हणून वरचं वाचन टाळता येत नाही.