बसमध्ये जप चालतो का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, जॉब हिंजवडीत. सकाळी देवघरापुढे ध्यानाला बसले की पाचव्या मिनिटाला डोक्यात ऑफिसची मीटिंग सुरू, म्हणून कंपनीच्या बसमध्येच जप करते पण सासूबाई म्हणतात, पायात चपला घालून कसला गं जप! चुकतंय का?

उत्तर: अहो ताई, अजिबात नाही. मानसजपाला, म्हणजे मनातल्या मनात केलेल्या जपाला, स्थळकाळाचं बंधन मानत नाहीत, माळ हवीच असेल तर गोमुखीत (जपमाळेच्या कापडी पिशवीत) ठेवा, १०८ मणी झाले की मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) न ओलांडता माळ उलटी फिरवायची, झालं. मन पळतं म्हणाल तर गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे, कृष्णानं त्यावर अभ्यास (म्हणजे सततचा सराव) आणि वैराग्य सांगितलं, तर ५ मिनिटं टिकतंय ना, मग ५च बसा, मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. आणि संध्याकाळी सासूबाईंसोबत शुभंकरोती म्हणा, चपलांचा विषय मागे पडेल (आमच्याकडे पडला!).