पहिला फ्लॅट, सोबत कुत्रा: आधी एवढंच बघा

अभिनंदन! साइट बघायला निघण्याआधी कागदावर हिशेब मांडा. नवखे लोक फक्त हप्ता बघतात आणि रोख रकमेत अडकतात. पुण्यात बांधकाम चालू असलेला 60 लाखांचा फ्लॅट धरा. बँक फार तर 80 टक्के देणार, म्हणजे 12 लाख तुमचे. शिवाय मुद्रांक शुल्क 7 टक्के (4.20 लाख), नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 टक्के (3 लाख). झाले की साडेएकोणीस लाख! फर्निचर, सोसायटीचे पैसे वेगळेच.

- करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त देऊ नका. बिल्डर गोड बोलून मागतात, पण ते रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) बसत नाही.
- भाव कार्पेट क्षेत्रफळावरच (घराच्या आतली, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) काढा.
- तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) आधी मागा.

आता कुत्र्याचं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात, लिफ्टसुद्धा नाकारता येत नाही. तरी टोकन (बुकिंगची पहिली रक्कम) देण्याआधी सोसायटीचे नियम वाचा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आवारात एक चक्कर मारा. कुत्रे फिरवणारे किती दिसतात, वॉचमन त्यांच्याशी कसा बोलतो, त्यावरून बरंच कळतं.

व्याजदर फ्लोटिंग (बदलता) की फिक्स्ड (ठरलेला), ते कर्जाचा अर्ज करताना विचारा.